आक्काचा जवळ्याचा डबा

मयत व्यक्ती : सुलोचना तुकाराम गायकवाड, माझी सख्खी थोरली बहीण, वय त्रेसष्ट, अविवाहित, परळमधील एका रुग्णालयाच्या लहान मुलांच्या विभागातून निवृत्त झालेली आया. राहणार : आमची चाळ पाडून उभी राहिलेली इमारत, अकरावा मजला. निवेदन करणार : भागवत तुकाराम गायकवाड, वय चोपन्न, विधुर, व्यवसाय अर्जलेखन, राहणार तोच मजला, समोरचे दार. घटनेचा वार : मंगळवार, सकाळी साडेअकराच्या सुमारास. दिनांक मला पाठ आहे, परंतु तो कागदावर उतरवण्यास हात तयार होत नाही. साक्षीदार पहिली : चंद्राबाई, लालबागच्या बाजारात सुकी मासळी विकणारी, माझगावकडची कोळीण, आक्काची तीस वर्षांची मैत्रीण. साक्षीदार दुसरा : कापूस, आक्काने पाळलेले कुत्र्याचे पिल्लू, वय अंदाजे साडेसहा महिने. दुसऱ्या साक्षीदाराला बोलता येत नाही. तथापि जे घडले ते सर्वांत जवळून त्यानेच पाहिले.

दादरला एका सरकारी कार्यालयाच्या फाटकाबाहेर माझे टेबल आहे. त्या मंगळवारी मी एका वृद्ध गृहस्थांचा पेन्शनसंबंधीचा अर्ज लिहीत होतो. चंद्राबाईचा फोन आला. ती दर मंगळवारी आक्काला जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, आणून देत असे, त्याप्रमाणे वर गेली होती. "भागवतभाऊ, घरी ये. आक्का उठत नाय रं," एवढेच ती म्हणाली, आणि मागून भुंकण्याचा एकही आवाज आला नाही, हे मला तेव्हासुद्धा जाणवले. मी हातातले वाक्य पूर्ण केले, पूर्णविराम दिला आणि मग उठलो. त्या पूर्णविरामाची लाज मला आज पाच आठवड्यांनंतरही वाटते.

मी पोचलो तेव्हा शेजारच्यांनी आक्काला आडवे केलेले होते. चंद्राबाईने जे पाहिले ते असे : आक्का भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर स्टीलचा डबा, उजवा हात डब्यात. समोर हातभर अंतरावर कापूस, शेपटी जमिनीला टेकवून, शिकवल्याप्रमाणे नीट बसलेला, नजर तिच्या तोंडाकडे. "कधीपासून बसला व्हता कोण जाणे. मी आत आले तरी उठला नाय. ती 'घे' म्हणायची वाट बघत व्हता," चंद्राबाई म्हणाली. डॉक्टरांनी सांगितले की हृदय सकाळी नऊच्या सुमारास थांबले असावे. म्हणजे अडीच तास... डबा उघडा होता, जवळ्याचा वास खोलीभर होता आणि ते पिल्लू अडीच तास जागचे हलले नव्हते.

हे शिक्षण तिने त्याला कसे दिले, हे सांगितल्याशिवाय माझी बहीण कोण होती हे वाचकांना कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी स्वतः आठवीपर्यंत शिकलेलो आहे. आमचे वडील गिरणीत होते आणि त्यांचा हात जड होता. पाटीवर ओळ वाकडी गेली की मनगटावर फुटपट्टी बसे, आणि मग पुढची ओळ हमखास आणखी वाकडी जाई. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील पाळीला गेले की ती पदरात फुटाणे घेऊन माझ्यासमोर बसे. वाकड्या ओळीवर ती कधी बोट ठेवत नसे. दहा ओळींतली एक सरळ आलेली असेल तर त्याच ओळीवर बोट ठेवून "शाब्बास भागा" म्हणे आणि फुटाणा थेट तोंडात घाली. शब्द आधी, फुटाणा लगेच मागून, मध्ये श्वासाचेही अंतर नाही. ज्या अक्षरावर मी गेली अठ्ठावीस वर्षे जगतो आहे, ज्या अक्षराची साहेब लोकांनी भर कार्यालयात तारीफ केलेली आहे, ते अक्षर त्या फुटाण्यांनी घडवलेले आहे. मात्र हे मला समजले ते अगदी अलीकडे, आणि तेही एका कुत्र्यामुळे.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर लालबागला मंडप उतरवत असताना चंद्राबाईच्या मासळीच्या पाटीखाली हे पिल्लू सापडले. पांढरे, ओंजळभर. "घेऊन जा गो आक्का, निम्मी सुकट ह्यानंच खाल्ली. आता गिऱ्हाइकाला काय ह्याचं शेपूट विकू?" असे म्हणून तिने ते आक्काच्या पिशवीत टाकले. आक्काने नाव कापूस ठेवले. मी त्याच दिवशी हरकत घेतली. अकरावा मजला, नवी लिफ्ट, नव्या फरश्या, आणि संस्थेचे नियम असताना हे योग्य नाही, असे मी मुद्देसूद सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "झालं का वाचून? आता जरा त्याच्याकडे बघ, तुझ्या चपलेवर मुतलाय."

मी चप्पल उचलली ती मारण्यासाठीच. तिने माझा हात धरला. "मारलंस तर तो काय शिकेल माहितीये? तुझ्यासमोर मुतायचं नाही, एवढंच. कपाटामागं जाऊन मुतेल." मग तिने फरशी पुसली, पिल्लाकडे पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून तो झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, प्रत्येक वेळी ती त्याला उचलून खाली मातीच्या पट्ट्यापर्यंत नेऊ लागली. सांधे दुखत असताना दिवसाला आठ-आठ खेपा. त्याने योग्य जागी विधी केला की त्याच क्षणी "शाब्बास" आणि जवळ्याची एक चिमूट. वर आल्यावर दिलेले चालत नाही, असे तिचे म्हणणे होते. "वर येईस्तोवर तो विसरतो रे, त्याला वाटतं लिफ्टमध्ये उभं राहिल्याबद्दल दिलं."

मीठ बाधू नये म्हणून ती जवळा तीन पाण्यांनी धुऊन वाळवत असे आणि तव्यावर कोरडाच भाजून त्या स्टीलच्या डब्यात भरत असे. डब्याचे झाकण वाजले की कापूस कुठूनही धावत येई. तो दात लावू लागला की ती बारीक "आई गं" म्हणून उठून पाठ फिरवी; खेळ बंद. तो शांत झाला की पुन्हा वळे. बसायला शिकवताना तिने त्याचे ढुंगण एकदाही दाबले नाही. चिमूट नाकावरून मागे नेली की मान वर जाई आणि तो आपोआप टेके. मग थांबायला शिकवले. मूठ बंद ठेवायची, तो चाटेल, पंजा मारेल, ते होऊ द्यायचे, क्षणभर मागे सरला की "शाब्बास, घे." आधी एका श्वासाचे थांबणे, मग दोन, मग दहा. लिफ्टला तो भीत असे. तिने आठ दिवस फक्त बंद दारासमोर बसून चारले, मग उघड्या दारासमोर, मग आत एक पाय ठेवून. मी तिला म्हणालो, "एवढ्यात मी त्याला उचलून शंभरदा खाली नेलं असतं." ती म्हणाली, "तू नेलं असतंस. तो गेला नसता."

लस टोचायला गेलो होतो तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "आजी, याला सकारात्मक प्रोत्साहन म्हणतात. कुठे शिकलात?" आक्का म्हणाली, "वॉर्डात. प्लास्टर काढलेलं पोर पाय टाकायला घाबरतं, त्याला ओरडून चालवता येत नाही." आणि मग माझ्याकडे हनुवटी करून, "आणि त्याआधी ह्याच्यावर." बाई हसल्या. मला तो माझा उपमर्द वाटला.

आता जे लिहायचे आहे ते लिहिण्यासाठीच हा सारा लेख आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या संस्थेचे सेक्रेटरी श्री. मोहिते माझ्याकडे आले. सोबत दोन रहिवासी होते. कुत्रे लिफ्टमध्ये घाण करते, भुंकते, मुले घाबरतात, अशी तक्रार त्यांना समितीकडे द्यायची होती. लिफ्टमध्ये तसा प्रकार एकदाच, सुरुवातीच्या दिवसांत घडला होता आणि आक्काने स्वतः ती जागा धुतली होती. मी म्हणालो, "अहो, ते माझ्याच बहिणीचं आहे." मोहिते म्हणाले, "म्हणून तर, भागवतराव. तुमच्यासारखा निःपक्ष माणूस नाही आपल्या इमारतीत. आणि तुमच्यासारखा मसुदा? अख्ख्या परळात कोणी लिहून दाखवावा." सोबतचे दोघे "खरंय, खरंय" म्हणाले. मी आतून चष्मा आणला.

मी असे योजले होते की सर्वसाधारण भाषेत लिहावे, इमारतीतील प्राण्यांबाबत, कोणाचेही नाव न घेता. परंतु माझ्या व्यवसायाचा दंडक असा आहे की नाव, वार, वेळ, जागा आणि साक्षीदार यांवाचून अर्जाला वजन येत नाही. हात आपोआप चालला. मजला घातला, दाराचा क्रमांक घातला. 'सदर प्राणी हिंसक व उपद्रवी असून त्याच्या वर्तणुकीत सुधारणेची शक्यता दिसत नाही, सबब तो इमारतीच्या हद्दीबाहेर हलवण्यात यावा.' हे वाक्य मोहित्यांनी दोनदा मोठ्याने वाचले आणि माझी पाठ थोपटली. समोरच्या दारात त्या वेळी ते हिंसक जनावर बसून डब्याच्या झाकणाची वाट पाहत होते... मला तारीफ मिळाली आणि मी बसलो. त्याहून वेगळे काही झाले नाही. कापूसला निदान बरोबर गोष्टीसाठी चिमूट मिळत होती.

पंधरा दिवसांनी समितीची नोटीस आली : महिन्याभरात प्राणी हलवावा, काही म्हणणे असल्यास लेखी कळवावे. आक्का नोटीस घेऊन माझ्या दारात आली. "भागा, ह्याला उत्तर लिहून दे. तू लिहिलंस की ते ऐकतात." तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. मी म्हणालो, नियम पाहावे लागतील, घाईत लिहिले तर कमकुवत होते, उद्या लिहितो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, टेबलावर गर्दी होती. तिसऱ्या वेळी तिने विचारलेच नाही. अर्ज लिहिणे हा माझा धंदा आहे. नवऱ्याने टाकलेल्या बायांचे लिहिले, पाण्याच्या जोडणीचे लिहिले, मेलेल्या माणसांच्या नावातल्या दुरुस्तीचे लिहिले. माझ्या बहिणीचा एक कागद मात्र माझ्याने लिहून झाला नाही, कारण त्यात मला माझेच वाक्य खोडून काढावे लागणार होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आता पुन्हा पुन्हा आठवतात. एका सकाळी तिचे गुडघे फार सुजले होते, म्हणून मी आपण होऊन कापूसला खाली घेऊन गेलो. परत आलो तर ती दारात उभी होती. "शाब्बास भागा," म्हणाली. चोपन्न वर्षांच्या माणसाला लिफ्टमधून उतरणाऱ्या लोकांसमोर. मी रागावून म्हणालो, "आक्का, मी काय तुझं कुत्रं आहे?" ती हसली आणि म्हणाली, "तो निदान शेपूट तरी हलवतो." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. आता मला कळते की तिने मला बोलावले एकदाही नव्हते.

अंत्यविधी झाला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींनी वंदना घेतली, पांढऱ्या कपड्यांतली माणसे आली आणि गेली. कापूस माझ्याकडे आला. मी वाटीत दूध-भाकरी घातली. तो वाटीसमोर बसला, शिकवल्याप्रमाणे, आणि दाराकडे पाहू लागला. मी म्हणालो, "घे." त्याने मान वळवली नाही. "शाब्बास, घे." माझ्या तोंडचा तो शब्द म्हणजे त्याच्या लेखी नुसता आवाज होता. पहिला दिवस, दुसरा दिवस... पाणी तेवढे पिई. चंद्राबाई आली, तिने मांडीवर घेतला, त्याने तिच्या बोटांवरचे दोन कण चाटले, पुन्हा दाराकडे. चौथ्या दिवशी मी, भागवत गायकवाड, कागदांची जाड फाईल त्याच्या पाठीवर मारली आणि ओरडलो, "खा! मेली ती! खा!" तो जागच्या जागी मुतला आणि कपाटामागे गेला. आक्काने सांगितले होते तसाच.

त्यानंतर तो माझ्या हाताच्या टप्प्यात येईना; रात्री मी झोपल्यावर वाटीत ठेवलेली जवळा-भाकरी तेवढी खाई. पायरव ऐकला की भुंकू लागला. आधी क्वचितच भुंकणारे पिल्लू आता दिवसभर भुंकते आणि माझ्या अर्जातले प्रत्येक विशेषण एकेक करून खरे होत चालले आहे. मी मोहित्यांकडे गेलो आणि म्हणालो, मला तो तक्रार अर्ज मागे घ्यायचा आहे. ते वाईट बोलले नाहीत. "भागवतराव, त्यावर तुमची सही कुठे आहे? तुम्ही फक्त लिहिलात. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी मागे घ्यायला पाहिजे." मी त्या दोघांच्या दारी गेलो. एक म्हणाले, "पण तुम्हीच लिहिलंय ना, सुधारणेची शक्यता नाही म्हणून." लिहिणाऱ्याला लिहिलेले मागे घेता येत नाही, ही गोष्ट अठ्ठावीस वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या एकाही माणसाला सांगितली नाही. दिलेली मुदत उलटून गेलेली आहे. घरात दुःख झाले म्हणून समितीने ती येत्या रविवारच्या सभेपर्यंत वाढवली आहे. चंद्राबाईकडे चार मांजरी आणि उघड्यावर सुकणारी मासळी, तिला तो ठेवून घेता येत नाही. मग शहराबाहेरचा निवारा, जिथे दारे वाजतील आणि कापूस दर वेळी मान वर करील...

गेल्या गुरुवारी जवळा संपला. डबा धुवावा म्हणून मी उपडा केला. तळाशी आक्काने सवयीप्रमाणे कागदाची घडी अंथरली होती, ओल आणि चुरा टिपण्यासाठी. ती बाहेर काढली. माझ्या अक्षराची झेरॉक्स होती. नोटिशीला जोडून आलेली तक्रारीची प्रत. तिने मला नोटीस दाखवली होती, ही प्रत दाखवली नव्हती. जे अक्षर तिने फुटाणे भरवून सरळ केले, ते ती ओळखणार नाही असे मी कसे धरून चाललो? म्हणजे माझ्या दारात येऊन "उत्तर लिहून दे" म्हणाली तेव्हा तिला ठाऊक होते. तिसऱ्यांदा विचारले नाही तेव्हाही ठाऊक होते. आणि दारात उभी राहून शाब्बास म्हणाली तेव्हाही. वाकड्या ओळीवर तिने बोट ठेवले नाही. रोज माझ्या वाक्यावर जवळा पसरला आणि पिल्लाला भरवला. 'सुधारणेची शक्यता दिसत नाही' या शब्दांवर तांबूस डाग पडलेला आहे. बाकी सर्व अक्षर स्वच्छ वाचता येते. मी फरशीवर बसून राहिलो. ती एकदा ओरडली असती, एकदा तोंडात मारली असती, तर मी त्याच दिवशी उत्तर लिहिले असते, असे मनाला सांगून पाहिले. परंतु मी स्वतःला ओळखतो. मी कपाटामागे गेलो असतो.

त्या दिवसापासून मी जवळा तीन पाण्यांनी धुतो. तव्यावर कोरडा भाजतो. पहिली खेप करपली. डबा मांडीवर घेऊन तिच्यासारखाच भिंतीला टेकून बसतो आणि कापूसकडे पाहत नाही. तो भुंकला तर पाठ फिरवतो. परवा तो कपाटामागून निम्मा बाहेर आला. मी "शाब्बास" म्हणालो, फार हळू, आणि चिमूट फरशीवर ठेवली. काल तो हातभर अंतरावर येऊन बसला. चिमूट खाल्ली नाही. परंतु दाराकडे पाहण्याआधी त्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिले. आक्काला लिफ्टच्या बंद दारासमोर आठ दिवस लागले होते. माझ्याकडे रविवारपर्यंत तीन आहेत.

सबब समितीस, सह्या करणाऱ्या दोन्ही रहिवाशांस आणि हे वाचणाऱ्या इमारतीतील सर्वांस विनंती की, तक्रारीतील मजकूर माझा असून तो खोटा आहे, हे या जाहीर लेखाद्वारे माझ्या सहीनिशी नोंदवून घ्यावे, व सदर पिल्लास शिकण्यापुरती मुदत मिळावी. रविवारी मी प्रत घेऊन सभेस हजर राहीन. त्या कागदाला मासळीचा वास आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आणि आक्का, तुझे उत्तर मी लिहून दिले. फार उशिरा दिले. ओळ सरळ आली आहे का, ते मला इथून दिसत नाही. डबा उघडा आहे, आम्ही दोघेही समोर बसलेलो आहोत, कोणी हललेलो नाही. तरी आपला तो एक शब्द कळवण्याची कृपा व्हावी.

आपला आज्ञाधारक,
भागा